पोशाखाची सक्ती आणि आश्रयाचा दावा

आमच्या देशात बुरख्याची सक्ती आहे, एवढं सांगून आश्रय मिळत नाही. नकार दिला तर काय होईल, आणि तो नकार त्या बाईला किती मोलाचा आहे, हे पाहिलं जातं. १९९३ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं एका इराणी स्त्रीचा दावा फेटाळला. कारण? चादर ‘शक्यतो टाळीन’ असं ती म्हणाली होती. श्रद्धेपोटी ठाम नकार देईन, असं नाही.

४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं पुढचं पाऊल टाकलं. अफगाण स्त्रियांवर शिक्षण, नोकरी, फिरणं, चेहरा झाकणं अशी सगळी बंधनं एकत्र आहेत. तेव्हा अफगाण असणं आणि स्त्री असणं पुरेसं मानता येईल.

आता समजा, अशी बाई डोंबिवलीत खोली घेऊन राहतेय. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. तिला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या दिल्ली कार्यालयाकडे अर्ज करावा लागेल. तिथलं ओळखपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. मग हाती काय उरतं? घटनेचं कलम २१. त्यात ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. परत पाठवण्याची नोटीस आली, तर तिच्या वकिलाला उभं राहायला जागा आहे ती इथेच.