खोडदच्या तबकड्या पाहायला चला

पुण्याहून नाशिकच्या वाटेवर मंचर, कळंब मागे पडलं, की नारायणगावहून खोडदकडे फाटा फुटतो. तिथली जीएमआरटी दुर्बीण म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटरवर विखुरलेल्या. ती उभारणाऱ्या प्रा. गोविंद स्वरूप यांनी तबकडीला पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी लावली; वारा आरपार जातो, वजन आणि खर्चही घटतो.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास ती सर्वांसाठी खुली होते. शाळकरी मुलांची विज्ञान प्रतिरूपं असतात, शंकांना उत्तरं द्यायला शास्त्रज्ञही.

डोळा लावून शनीची कडी बघू म्हणाल, तर निराशा होईल! ही दुर्बीण रेडिओलहरी टिपते, तेही भरदिवसा. मोबाइल मात्र बंद ठेवा; त्याच्या लहरींनी निरीक्षणात व्यत्यय येतो.