टाकाऊ लाकडापासून वीज
पेण-रोहे परिसरातील वखारींचा भुसा, ढलप्या व आंबाबागांतील छाटणी बॉयलरमध्ये जाळून वाफेवर वीज निर्माण करता येते. मात्र एका युनिटला साधारणतः सव्वा ते दीड किलो कोरडे लाकूड लागते; एक मेगावॅटचा संच अहोरात्र चालवावयाचा, तर दररोज ३० ते ३६ टन. कोकणात पावसाळ्याचे चार महिने लाकूड ओले राहते. त्यासाठी छपराखालील मोठा साठा हवा. १९८७ साली स्थापन झालेली केंद्र शासनाची ‘इरेडा’ ही संस्था अशा प्रकल्पांना कर्ज देते. परंतु कर्जफेडीची भिस्त इंधनाच्या शाश्वतीवरच असते. इंधन अपुरे पडल्यास कुऱ्हाड हिरव्या जंगलाकडे वळण्याचा व आदिवासी वाड्यांचे सरपण हिरावले जाण्याचा धोका असतो. म्हणूनच वर्षभरात हाती येणारे टाकाऊ लाकूड आधी मोजावे व त्यावरून प्रकल्पाचा आकार ठरवावा.