फुलाच्या आत – लेखांक ९ : संत्र्याच्या बीमधली गर्दी

गेल्या आठवड्यात आपण दुहेरी फलन पाहिलं. परागनळीतून दोन नरपेशी गर्भकोशात उतरतात. एक अंडपेशीला मिळून गर्भ होतो, दुसरी मधल्या केंद्रकांना मिळून त्या गर्भाला पोसणारं पुष्क तयार होतं. १८९८ साली नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलेला हा हिशेब इतका चोख आहे, की एका बीत एक गर्भ आणि त्या गर्भात आईबापाचा निम्मानिम्मा वाटा हे आपण धरूनच चालतो. पांढुर्णा आणि सौंसरच्या बागांमधलं संत्रं मात्र या हिशेबाला जुमानत नाही. संत्र्याची बी रात्रभर भिजवून तिची दोन्ही सालं सोलली, तर आत हिरवट दलिकांची नीट जोडी मिळत नाही. लहानमोठे, वेडेवाकडे तुकडे एकमेकांना रेटून बसलेले असतात. बीच्या टोकदार बाजूला पाहिलं तर प्रत्येक तुकडा वेगळ्या गर्भाचा आहे हे कळतं. अशी बी पेरली की एकाच जागी दोन-तीन कोंब वर येतात. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या डच लेव्हेनहूकला संत्र्याच्या बीत दोन गर्भ १७१९ सालीच दिसले होते. पण ते कुठून येतात हे श्ट्रासबुर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये दाखवलं.

ते येतात प्रदेहातून. बीजांडाचा उभा छेद डोळ्यांपुढे आणा : बाहेर दोन आवरणं, टोकाला बीजरंध्र, आणि आवरणांच्या आत गर्भकोशाला चहूबाजूंनी वेढणारा पेशींचा गर, तो प्रदेह. हा गर सर्वस्वी आईचा. परागाचा त्याच्याशी काही संबंध नाही. संत्र्यात बीजरंध्राच्या बाजूच्या प्रदेहातल्या काही पेशी दाट होतात, विभागू लागतात आणि गर्भकोशात घुसून तिथे वाढतात. अंडपेशीपासून झालेला खरा गर्भ अनेकदा बराच काळ थबकलेला असतो. तोवर ही मावसभावंडं जागा आणि अन्न बळकावतात. (मावसभावंडं हा शब्द सैल आहे, नात्याने ती आईच्याच प्रती आहेत.) या गर्दीत खरा गर्भ पुष्कळदा दबून मरतो, आणि बीतून उगवतं ते आईचं हुबेहूब रूप.

‘बियांपासूनचं झाड जातवान निघत नाही, म्हणून कलम करायचं’ असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. हापूसला ते लागू आहे, कारण हापूसच्या कोयीत फलनातून झालेला एकच गर्भ असतो. संत्र्याबाबत हे कारण चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे, आणि उलट कलमाची पद्धतच बीमधल्या या गर्दीवर उभी आहे. बाग एकसारखी दिसते ती वर बांधलेल्या डोळ्यामुळे, हे खरं. पण त्या डोळ्याखालचा खुंट जंभेरीचा किंवा रंगपूर लाईमचा असतो आणि तो बीपासूनच वाढवतात. पन्हेरीतल्या हजारो रोपांपैकी प्रत्येकाचं मूळ निराळ्या स्वभावाचं निघालं असतं, तर वरचा डोळा एकाच झाडाचा असूनही शेजारशेजारची झाडं वेगवेगळ्या जोमाने वाढली असती. तसं सहसा होत नाही, कारण जंभेरीची बीही बहुगर्भी आहे. गंमत अशी, की जंभेरी ही मुळात संत्रवर्गीय आणि महाळुंग यांच्या संकरातून जन्मलेली जात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही तेच दिसलं. एकदाच झालेला तो संकर प्रदेहाने जणू लाखबंद करून ठेवला आणि तो तसाच पुढे चालत आला.

यावर बागायतदाराचा आक्षेप ठरलेला आहे : बीचं संत्रं लावून पाहा, काट्यांनी भरलेलं, उभं सरळ वाढणारं झाड निघतं, फळाला सात-आठ वर्षं लावतं, ही कसली आईची प्रत? निरीक्षण बिनचूक आहे, निष्कर्ष नाही. काटे आणि उशीर ही परक्या रक्ताची खूण नसून बालपणाची आहे. प्रदेहातून निघालेला गर्भ जनुकांनी आईसारखा असला तरी वयाने शून्यावर असतो. वयात येताना नव्या फांद्यांवरचे काटे कमी होतात आणि मग फळही आईसारखंच लागतं. डोळा मात्र फळावर आलेल्या झाडाचा घेतात, म्हणून कलम लवकर बहरतं. कलम करण्याचं खरं कारण हे, आणि जमिनीला मानवणारं मूळ मिळवणं हे. जातवानपणाचा त्यात फारसा प्रश्न नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पन्हेरीत चार रोपं वेगळी निघतातच, मग सगळी प्रदेहाची कशी म्हणायची? सगळी नसतातच. फलनातून झालेला गर्भ कधीकधी तगतो, आणि पानाच्या ठेवणीत किंवा वाढीत बिनसलेलं रोप उपटून टाकण्याची रोपवाटिकेतली रीत त्यावरच आधारलेली आहे. याची पडताळणी करायला त्रिपर्णी संत्रं उपयोगी पडतं. त्याचं पान तीन पर्णिकांचं, आणि हा गुण संकरात हटकून उमटतो. त्याचे पराग साध्या संत्र्यावर टाकले की खऱ्या संकराची रोपं तीन पर्णिकांची निघतात आणि प्रदेहाची एका पर्णिकेची. डोळ्यांनी मोजता येईल असा हा पुरावा आहे.

मग बापाची गरजच उरली नाही, तर अंबिया बहारात एवढं फुलायचं कशाला? इथे घाईने उत्तर देऊ नये. प्रदेहातले गर्भ आईच्या पेशींतून सुरू होतात खरे, पण ते पोसले जातात पुष्कावर, आणि लिंबूवर्गात पुष्क साधारणतः फलनाशिवाय बनत नाही. म्हणजे पराग येतो, फलन होतं, अन्न शिजतं, आणि पंगतीला बसतात ज्यांचा त्या परागाशी काही संबंध नाही ते गर्भ. वनस्पतींच्या राज्यात एवढी निर्लज्ज पंगत दुसरीकडे क्वचितच दिसेल. हा स्वभावही आनुवंशिक आहे : २०१७ मध्ये संशोधकांनी तो एका विशिष्ट जनुकाशी जोडून दाखवला. पपनस आणि महाळुंग यांच्या बिया एकगर्भी असतात. मोसंबी ही संत्रवर्गीय आणि पपनस यांच्या संकरातली, आणि तिने बहुगर्भीपणा संत्र्याकडून उचलला.

शेवटचा आक्षेप माझ्या मनाला सगळ्यात लागणारा आहे. सारखेपणा विकायला सोयीचा, पण डिंक्या रोगाची बुरशी जमिनीत आली तर एकाच घडणीची मुळं एकाच रीतीने बळी पडतात, आणि जंभेरी या बुरशीला नाजूकच. याचा दोष प्रदेहाला देता येत नाही. पण नवा खुंट घडवू पाहणाऱ्याला प्रदेह आडवा येतो हे मान्य केलंच पाहिजे. संकर करायचा आणि बीतून पुन्हा आईच उगवायची! म्हणून नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी हे काम करणाऱ्यांपुढे मुख्यतः दोन वाटा उरतात. एकतर पपनसासारखी एकगर्भी मादी निवडायची, नाहीतर दबून मरण्याआधीच खरा गर्भ बीतून सोडवून काचनळीतल्या अन्नावर वाढवायचा. त्या काचनळीची हकीकत, आणि पंचानन माहेश्वरींच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने बीजांडाला फुलाबाहेर जगवलं ते कसं, हे पुढच्या लेखांकात.