आकाशवाणी स्वरचाचणी

आकाशवाणी स्वरचाचणी (ऑडिशन) ही आकाशवाणीवर गायन किंवा वादन सादर करू इच्छिणाऱ्या कलाकारांच्या निवडीची पद्धत आहे. हौशी व नवोदित कलाकारांना नभोवाणीवर येण्याचा हा प्रमुख मार्ग ठरला.

पार्श्वभूमी

मुंबई नभोवाणी केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. अमेरिकेत एडवर्ड बोव्ज यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे हौशी कलाकारांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात न रुचलेल्या स्पर्धकाला घंटा वाजवून थांबवले जाई व श्रोते दूरध्वनीवरून मत देत. फ्रँक सिनात्रा १९३५ मध्ये याच कार्यक्रमात एका चमूसह गायले. भारतात १९३० पासून नभोवाणी सरकारी नियंत्रणाखाली आली. येथे निवडीचा अधिकार श्रोत्यांऐवजी परीक्षकांकडे राहिला.

स्वरूप

माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत, १९५२ नंतर, स्वरचाचणीला देशव्यापी स्वरूप मिळाले. संगीतज्ञ श्री. ना. रातंजनकर यांच्याकडे परीक्षणाची धुरा होती. उमेदवाराचे नाव परीक्षकांना कळू दिले जात नसे. केवळ आवाजावरून निर्णय होई. उत्तीर्ण कलाकारांना श्रेणी मिळे व तिच्यानुसार मानधन ठरे.

घराण्याचे वा ओळखीचे पाठबळ नसलेल्यांना यामुळे संधी मिळाली. मात्र आधीपासून नभोवाणीवर गाणाऱ्या नामवंतांनाही चाचणी द्यावी लागल्याने मुंबईसह अनेक ठिकाणी तीव्र विरोध झाला. कलेचे मूल्यमापन कोणी करावे, हा वादाचा मुख्य मुद्दा होता.

स्पर्धा

आकाशवाणीची तरुणांसाठीची संगीत स्पर्धा हा दुसरा मार्ग होता. गायिका वीणा सहस्रबुद्धे १९७२ मध्ये तिच्या गायन विभागात विजेत्या ठरल्या. आकाशवाणीबाहेर, मर्फी या रेडिओ-संच कंपनीच्या नावाशी जोडलेल्या मेट्रो-मर्फी स्पर्धेतून महेंद्र कपूर पुढे आले.

मराठवाडा

वडवणीसह बीड जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे औरंगाबाद येथील नभोवाणी केंद्र १९५० मध्ये आकाशवाणीकडे आले. पुढे १९६८ मध्ये परभणी केंद्र सुरू झाले. त्यामुळे मराठवाड्यातील ग्रामीण भजनी मंडळे, शाहीर व लोकगायकांना चाचणीसाठी मुंबई-पुण्याला जाण्याची गरज उरली नाही.