अर्धशिशीच्या दोन गोळ्या

डोकेदुखी दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून रजा मागणाऱ्या कामगाराला मुकादम सरळ बहाणेखोर ठरवतो. अर्धशिशीत मात्र अर्धे डोके ठणकते, उलटी होते, उजेड सोसवत नाही. मी डॉक्टर नव्हे. पण कामगारांच्या खिशात दोन गोळ्या इतक्यांदा पाहिल्या, की त्यांची माहिती करून घेणे भाग पडले.

पहिली प्रोप्रॅनोलॉल. जेम्स ब्लॅक यांनी ती हृदयशूळासाठी शोधली. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अ‍ॅड्रेनॅलिन हृदयातील 'बीटा' नावाच्या ज्या जागी बसून ठोके वाढवते, ती जागाच ही गोळी अडवून धरते. हृदयरोग्यांची अर्धशिशीही हिने कमी होते, हे १९६६ साली ध्यानी आले.

दुसरी अमिट्रिप्टिलिन. हिच्या रेणूत तीन कडी जोडलेली असतात, म्हणून या गटाला ट्रायसायक्लिक म्हणतात. १९६१ साली ती अमेरिकेत विषण्णतेवरील औषध म्हणून आली. मेंदूतील सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या द्रव्यांचे पुनःशोषण ती रोखते. अर्धशिशीसाठी बहुधा रात्री १० मिलिग्रॅमपासून आरंभ करतात. तेव्हा चिठ्ठीवर हे नाव दिसले म्हणजे आपल्याला वेड लागले, असे कोणी समजू नये.

मग यांत सरस कोणती? दोन्ही गोळ्या रोज घ्यायच्या, ठणका उठूच नये म्हणून. गुण यायला काही आठवडे लागतात. झोप न येणाऱ्याला अमिट्रिप्टिलिन सोयीची. पण सकाळी गुंगी राहते, तोंड कोरडे पडते, काचबिंदू असणाऱ्याला वा लघवी अडणाऱ्याला ती त्रासाची. रक्तदाब चढलेल्याला प्रोप्रॅनोलॉल बरी. पण दमेकऱ्याच्या श्वासनलिका ती आवळते, आणि इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली, तर इशारा देणारी धडधड ती झाकून टाकते. दोहोंपैकी कोणतीही एकाएकी सोडू नये.

म्हणून सरस गोळी कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाला, हे आधी विचारावे. कापसाच्या धुळीने छाती धरलेल्या कामगाराने शेजाऱ्याची प्रोप्रॅनोलॉल उसनी घेऊ नये. पहाटेच्या पाळीच्या ड्रायव्हरने रात्रीच्या गोळीची गुंगी डोळ्यांवर घेऊन गाडी काढू नये. डॉक्टरांना डोके दाखवाल, तेव्हा आपली छाती, आपली पाळी आणि आपले यंत्र, हेही सांगा. विचारले नाही, तरी सांगा.