तिथीची पाऊणपट

मे लागला की कोकणच्या बंदरांत आगोटीची घाई दिसू लागते. होड्या वाळूवर ओढायच्या, वर झापांची शाकारणी करायची, जाळी माळ्यावर टाकायची. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. अशा आवराआवरीच्या दिवसांत आम्ही तिघं मित्राची अठ्ठावीस फुटी शिडाची बोट पावसाळ्यात ठेवायला मुंबईहून गोव्याला नेतो. राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग असे मुक्काम करत, रमतगमत. एवढ्या किनाऱ्यावर दुसरी शिडाची हौशी बोट क्वचितच भेटते, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

दक्षिणेला जाणं सोपं. हिवाळ्यात पहाटेचा मतलई वारा जोरात असतो. मेमध्ये तो मरगळतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा पाठीमागून रेटतो. उलट, मे महिन्यात मुंबईकडे यायचं तर दिवसभर वाऱ्याशी भांडत नागमोडी यावं लागतं.

इतिहास उरकून टाकतो: सुवर्णदुर्ग १७५५ मध्ये आणि विजयदुर्ग १७५६ मध्ये आंग्र्यांच्या हातून गेला, पुढे आगबोटी आल्या, मग रस्ते झाले आणि आगबोटीही गेल्या. मला बोलायचंय ते पाण्याबद्दल.

कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो. भरतीला तो बुडतो, ओहोटीला बोटीचा तळ धरतो. म्हणून पूर्ण भरती कधी, हे ठाऊक हवं. त्याचा हिशेब आपल्याकडे तोंडी आहे: तिथीची पाऊणपट. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपट धरली की ४५. तीन मिनिटांची सूट घेऊन कुणीतरी हा हिशेब बोटांवर बसवला, त्याला मी मनोमन हात जोडतो. पौर्णिमेच्या सुमारास नियम पाऊण-एक तास मागे पडतो, तेवढं तांडेल पदरचं धरतात.

आम्ही मात्र शहाणे. एका वैशाख शुद्ध द्वादशीला साडेदहा वाजता केळशीच्या खाडीत शिरलो. भरती नऊलाच होऊन गेली होती, पण पाणी दिसत होतं ना भरपूर! आधी सुकाणू जड झालं, मग तळाखाली खरखर, मग बोट हळूहळू कुशीवर कलली आणि चहाचं पातेलं थेट माझ्या मांडीवर. तासाभरात आम्ही गुडघाभर पाण्यात उभे. एक म्हातारे तांडेल होडी वल्हवत आले, दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, “बोटीत पंचांग न्हाय काय ओ?” मग त्यांनीच धीर दिला: चंद्र वाढता आहे, उधाण जवळ येतंय, रात्री आठाला आपसूक तराल. तसंच झालं. पौर्णिमा उलटल्यावर असे फसलो असतो, तर पुढची प्रत्येक भरती उतरती आली असती आणि पुढच्या उधाणापर्यंत केळशीकर झालो असतो.

म्हणून विजयदुर्ग माझा लाडका. वाघोटन खाडीच्या तोंडाशी असा अडसर नाही. किल्ला पश्चिमेचा समुद्र अंगावर घेतो आणि त्याच्या पूर्वेला पाणी निवांत. खाली चिखल, त्यामुळे नांगर रुतला की धरतो. तीन वाव पाण्यात पाचपट साखळी सोडायची आणि काठावरची एक झाडी व एक दिवा डोळ्यांत ठेवायचा. दोन्ही तासाभरात तिथल्या तिथेच दिसले की जेवायला बसायचं. गिर्ये इथली आंग्र्यांची गोदी, कातळ खोदून केलेली, होडीतूनच पाहावी. रस्त्यानं गेलात तर ती खाडीला का चिकटलीय ते कळतच नाही.

पूर्वी आम्ही २० मेनंतरही निघायचो. पण ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं, आणि पुढच्या वर्षी ‘तौक्ते’ १७ मेलाच आलं. आता एप्रिल संपता संपता नांगर उचलतो. तुम्ही जाणार असाल तर हवामान खात्याचा इशारा रोज ऐका, विजयदुर्ग १० मेच्या आत गाठा, आणि हो, पंचांग सोबत न्या.