गुरुजींचा मान व गुरुजींची चूक

आषाढी पौर्णिमा आली म्हणजे आमच्या बहुतेक घरांतून गुरुपूजन होतें. आणि 1962 सालापासून 5 सप्टेंबर हा शिक्षकांचा दिवस म्हणून पाळला जात असल्यामुळें त्या दिवशींही शाळांतून हारतुरे होतात. इतकें असूनही चार वडील माणसें एकत्र बसलीं कीं, शिक्षकांचा पूर्वीचा मान आतां राहिला नाहीं, हा विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. मीं जन्मभर हाच धंदा केलेला. तेव्हां ही तक्रार ऐकून मला बरें वाटावयास पाहिजे. परंतु अलीकडे ती ऐकली कीं, मन ओशाळतें. तें कां, हें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम आमच्याच सोलापूर जिल्ह्यांतील एक गोष्ट घेऊं. माढा तालुक्यांत परितेवाडी नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत 2009 सालीं श्री. रणजितसिंह डिसले हे तरुण शिक्षक रुजू झाले, तेव्हां एका बाजूस गुरांचा गोठा व दुसऱ्या बाजूस कोठार अशा मोडकळीस आलेल्या जागेंत ती शाळा भरत होती. मुलींस शाळेंत धाडावयाचें कशाला, अशी पुष्कळांची समजूत. डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांतून चौकोनी संकेतचिन्हें घातलीं. त्यांस हल्लीं क्यूआर कोड म्हणतात. मोबाईल त्यांवर धरला कीं धडा ऐकूं येतो, कविता कानीं पडते, चित्रें हलतात. 2017 सालीं राज्य सरकारनें हीच युक्ति आपल्या पाठ्यपुस्तकांसाठीं स्वीकारली. पुढें 3 डिसेंबर 2020 रोजीं वार्की प्रतिष्ठानाचा जागतिक शिक्षक पुरस्कार डिसले यांस जाहीर झाला. सुमारें 140 देशांतून आलेल्या बारा हजारांहून अधिक नांवांमधून ही निवड झालेली होती. रक्कम दहा लक्ष डॉलर. त्यांतील निमी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली.

वर्तमानपत्रांनीं त्या वेळीं संकेतचिन्हांचें व डॉलरांचें कौतुक पुष्कळ केलें, आणि तें योग्यच होतें. मला मात्र पुरस्कारदात्यांच्या निवेदनांतील एका निराळ्याच वाक्यानें थांबविलें. पुस्तकें ज्या भाषेंत होतीं ती तेथील मुलींच्या घरची भाषा नव्हती, त्यांच्या घरीं कानडी बोलत असत, म्हणून या शिक्षकानें पुस्तकांचा मजकूर त्यांच्या भाषेंत आणून दिला, असें त्यांत होतें. हें वाचून मी वर्तमानपत्र खालीं ठेवलें.

कारण सोलापूर हें गांव कसें आहे, हें येथील रहिवाशांस सांगावयास नको. मराठी, कानडी, तेलगू व उर्दू या चार भाषा येथें एकाच रस्त्यावर कानीं पडतात. पूर्व भागांतील पद्मशाली विणकरांच्या घरीं तेलगू. माग खटखटतो तोही, म्हणा ना, तेलगूंतच! माझ्या वर्गांत एक असाच विणकराचा मुलगा होता. हिशेबाला चलाख, पण मराठींत लिंगें चुकावयाचीं. 'गाय आलें', 'पाणी संपली', असें तो बोले. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तथापि संस्कृत व्याकरण पाठशाळेंत रगडून घेतलेलें, आणि शुद्ध बोलण्याचा अभिमान तर आमच्या घराण्यांतलाच. मी त्याला बाकावर उभा करीं व तेंच वाक्य पांच वेळां म्हणावयास लावीं. वर्ग हंसे. मलाही हंसूं येई, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पुढें पुढें तो बोलेनासा झाला. चौथीनंतर तो शाळेंत दिसला नाहीं. मीं चौकशीही केली नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं मंगळवार पेठेंत भाजी घेत असतां एक प्रौढ गृहस्थ पुढें आले आणि भर रस्त्यांत त्यांनीं माझ्या पायांवर डोकें ठेवलें. बरोबरच्या मुलीसही वांकावयास सांगितलें. मीं ओळखलें नाहीं, तेव्हां त्यांनीं नांव सांगितलें, आणि हंसून म्हणाले, "गुरुजी, आतां चुकत नाहीं."

त्यांच्या मनांत राग नव्हता. तो असता तर मला सोपें गेलें असतें. तीस वर्षें त्यांनीं तें वाक्य मनांत तपासून ठेवलें होतें.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत अध्ययन संपवून घरीं निघालेल्या शिष्यास आचार्य उपदेश करितात. त्यांत आईबापांप्रमाणें आचार्यासही देव मानावें अशी आज्ञा आहे, व ती आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. पण लागलीच पुढें आचार्य सांगतात कीं, आमचीं जीं चांगलीं आचरणें असतील तेवढींच तूं उचल, इतर नको. हें दुसरें वाक्य मीं पाठशाळेंत शेंकडों वेळां घोकलें. अर्थ समजला तो मंगळवार पेठेंत.

शिक्षकाचा धंदा चिरंतन आहे, असें आपण म्हणतों. सोलापुरांत तें डोळ्यांनीं दिसतें. 1877 सालीं सुरू झालेली जुनी गिरणी केव्हांच बंद पडली, हातमाग जाऊन यंत्रमाग आले; शाळेची घंटा मात्र चालूच आहे. पण टिकतें तें सारेंच चांगलें टिकतें असें नाहीं. चादरींतील चूक चादरीबरोबर विरून जाते. माझी चूक त्या गृहस्थांनीं अर्धें आयुष्य वागविली. (जातां जातां एक सांगावेंसें वाटतें: गुरुपूजनास फुलें वाहणाऱ्या घरांतच शिरगणतीसाठीं आलेल्या शिक्षकास दारांत उभें ठेवतात, हें मीं स्वतः अनुभविलें आहे. पाट देणें होत नसेल तर निदान पाणी तरी द्यावें.)

ती मुलगी आतां आठवींत असून दर रविवारीं माझ्याकडे संस्कृत शिकावयास येते. एके दिवशीं लिंगविचार चालला असतां ती सहज म्हणाली, "गुरुजी, आमच्या भाषेंत एकवचनीं पुरुष तेवढा निराळा, बाई, गाय, पाणी, सर्वांचें क्रियापद एकच." मी पुस्तक मिटून तिच्याकडे पाहतच राहिलों. 'गाय आलें' आणि 'पाणी संपली' हीं दोन्ही वाक्यें मला एकाएकीं व्याकरणशुद्ध दिसूं लागलीं! एवढें जाणून घेण्यास मला कोणा तेलगू शेजाऱ्याच्या घरीं अर्धा तास बसावयास हवें होतें. तेवढें माझ्या हातून नोकरीच्या साऱ्या वर्षांत झालें नाहीं.

तिनें सांगितलेलीं क्रियापदें मीं वहींत उतरून घेतलीं आहेत. उच्चार माझे चुकतात, आणि ती हंसत नाहीं. येत्या रविवारीं वडिलांसही बरोबर घेऊन ये, असें मीं तिला सांगितलें आहे.